महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज: कागदपत्रांच्या तयारीपासून खात्यात रक्कम जमा होईपर्यंत

महाडीबीटी या राज्य शासनाच्या, लाभाची रक्कम थेट खात्यात देणाऱ्या पोर्टलवर भरलेले शिष्यवृत्तीचे अर्ज अडकून पडतात, ते पुष्कळदा विद्यार्थी अपात्र असतो म्हणून नव्हे. आधारवरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला भलत्याच वर्षाचा असतो, बँक खाते आधारशी जोडले आहे असा नुसता समज असतो, किंवा महाविद्यालयाने त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज कित्येक आठवडे कोणी उघडूनही पाहिलेला नसतो. यांपैकी एकही अडचण अशी नाही की जी आधी दूर करता येत नाही. महाराष्ट्रात दहावीनंतरचे शिक्षण घेणाऱ्या, विशेषतः व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. पोर्टल उघडून थेट अर्ज भरायला बसणे ही पहिली चूक होय, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

## टप्पा १: आपली योजना कोणती, हे आधी ठरवावे

पोर्टलवर सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, अल्पसंख्याक विकास अशा अनेक विभागांच्या योजना एकत्र दिसतात. नावे सारखी वाटली तरी अटी सारख्या नसतात.

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर (म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक २.५ लाख रुपये आहे. उत्पन्न या मर्यादेपलीकडे गेले म्हणजे सगळे संपले, असे समजून अनेक कुटुंबे अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात २.५ लाखांपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, जिला सर्वजण ‘फ्रीशिप’ म्हणतात. तिच्यात निर्वाह भत्ता मिळत नाही, परंतु शुल्काचा भार उतरतो.

खुल्या प्रवर्गातील तसेच ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. महाविद्यालयांत ती ‘ईबीसी’ म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची योजना या नावाने ओळखली जाते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा, प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा आणि कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो, या तिच्या मुख्य अटी आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांत तिच्याखाली शिक्षण आणि परीक्षा शुल्काची ५० टक्के रक्कम मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना ‘कॅप’मधून प्रवेश घेतलेल्या ईबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून हा लाभ १०० टक्के करण्यात आला. खासगी विद्यापीठे आणि खासगी अभिमत विद्यापीठे या निर्णयातून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेशही चालत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्या ईबीसी विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना स्वतंत्र आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांनी तिचा अर्ज शुल्काच्या अर्जाबरोबरच करावा, कारण शुल्काचा अर्ज केला म्हणजे भत्त्याचा अर्ज आपोआप होत नाही.

इशारा: ‘शंभर टक्के शुल्क माफ’ याचा अर्थ महाविद्यालयाला एक रुपयाही द्यावा लागणार नाही, असा होत नाही. लाभ शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा आहे. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, अनामत रक्कम यांची तरतूद कुटुंबालाच करावी लागते. म्हणून प्रवेशाच्या वेळी शुल्काचे घटक वेगवेगळे दाखवणारी पावती मागून घ्यावी. पुढे अर्जातही हेच आकडे तपासावे लागतात.

## टप्पा २: कागदपत्रे जमवताना नाव, वर्ष आणि क्रमांक तपासावेत

कागदपत्रे गोळा करणे आणि ती तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले सगळेच करतात, अर्ज अडतो तो दुसऱ्यामुळे.

सर्वांत आधी आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि आधारवर शेवटी. हा क्रमाचा फरक सहसा अडचणीचा नसतो. अडचण होते ती वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे केवळ आद्याक्षराने असते तेव्हा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असते तेव्हा, किंवा जन्मतारीख वेगळी असते तेव्हा. अशा वेळी गुणपत्रिका प्रमाण मानून आधारमध्ये दुरुस्ती करून घ्यावी, कारण पुढचे सर्व शैक्षणिक दस्तऐवज गुणपत्रिकेवरूनच तयार होतात. आधारमधील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर जाताना योग्य पुरावा सोबत न्यावा आणि पोचपावती हातात घेण्यापूर्वी पडद्यावरील स्पेलिंग स्वतः वाचावे. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद तयार ठेवावी.

आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हेही याच वेळी पाहावे. ओटीपी त्या क्रमांकावर येतो, आणि तो क्रमांक बंद पडलेला असेल तर पोर्टलवरील पहिल्याच पायरीवर काम थांबते.

त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. हा तहसीलदार कार्यालयाचाच असावा लागतो. वडिलांच्या वेतनाची पावती किंवा आयकर विवरणपत्र त्याच्या जागी चालत नाही, मात्र दाखला काढण्यासाठी त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो. दाखला हातात आल्यावर तीन ठिकाणी नजर टाकावी. उत्पन्न कोणत्या आर्थिक वर्षाचे आहे, दाखला कोणत्या ३१ मार्चपर्यंत ग्राह्य आहे, आणि अंकांत लिहिलेली रक्कम अक्षरांतील रकमेशी जुळते का. मागच्या वर्षी बहिणीच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला या वर्षी जोडणे ही अतिशय नेहमीची चूक आहे. दुसरी तितकीच नेहमीची चूक म्हणजे आई आणि वडील दोघेही कमावते असताना एकाचेच उत्पन्न दाखवणे. ही बाब छाननीत उघड झाली तर केवळ अर्ज परत येत नाही, तर दिलेली रक्कम वसूल होण्याची पाळीही येऊ शकते.

एप्रिल उजाडताच दाखल्यासाठी अर्ज करावा, असे मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगेन. जून-जुलैमध्ये प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि सगळे वेळापत्रक त्या एका कागदाभोवती फिरू लागते.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जात प्रमाणपत्र, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. अकरावीत असतानाच जिल्हा जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल करणे शहाणपणाचे आहे. याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचे जागावाटप पत्र, शुल्काची पावती, शिधापत्रिका, अपत्यांबाबतचे घोषणापत्र आणि शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र एकत्र ठेवावे.

‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या सेवा पोर्टलवरून मिळालेल्या प्रमाणपत्रांवर बारकोड असतो. पोर्टल प्रमाणपत्राचा हा बारकोड क्रमांक विचारते आणि तो बरोबर भरला की माहिती शासकीय नोंदीतून पडताळली जाते. येथे सेतू केंद्राच्या पावतीवरचा अर्ज क्रमांक टाकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. तो क्रमांक वेगळा असतो. बारकोडच्या लगत छापलेलाच क्रमांक घ्यावा.

तपासणी: प्रत्येक कागद मूळ प्रतीवरून स्कॅन करावा, झेरॉक्सवरून नव्हे. पोर्टल २५६ केबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही, पण आकार कमी करण्याच्या नादात शिक्का आणि सही पुसट झाली तर महाविद्यालय अर्ज परत पाठवते. फाइल लहान केल्यावर मोबाइलवर उघडून वाचता येते का, ते पाहावे. फाइलचे नाव साधे, कागदाची ओळख पटेल असे ठेवावे.

## टप्पा ३: बँक खात्याचे आधार सीडिंग

सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक गैरसमज येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. खाते उघडताना आधारची प्रत दिलेली असते, बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आधार जोडलेले आहे’ असेही दिसते, आणि तरीही शिष्यवृत्ती येत नाही. याचे कारण असे की खात्याच्या केवायसीसाठी आधार देणे वेगळे आणि शासकीय लाभ जमा होण्यासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधील देयकांची व्यवस्था चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधार क्रमांकासमोर त्या बँकेचे नाव लागणे वेगळे. या दुसऱ्या नोंदीलाच सीडिंग म्हणतात. पोर्टलकडून पैसे खाते क्रमांकावर नव्हे, तर आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि ते एनपीसीआयच्या नोंदीत जी बँक असेल त्या बँकेत जातात.

एका वेळी आधारसमोर एकाच बँकेची नोंद राहते. जी बँक सर्वांत शेवटी जोडली, ती लागू होते. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याने पेमेंट्स बँकेचे खाते उघडताना नकळत संमती दिली असेल, तर त्याची शिष्यवृत्ती राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकात शोधून सापडणार नाही. ती त्या दुसऱ्या खात्यात पडून असू शकते.

हे तपासणे मुळीच अवघड नाही. ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून प्रवेश करावा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडावे. तेथे बँकेचे नाव, सीडिंग सक्रिय आहे की नाही आणि नोंद शेवटी कधी बदलली, एवढे दिसते. बँक हवी तीच असेल आणि स्थिती सक्रिय असेल, तर काम झाले. नसेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरून द्यावा आणि काही दिवसांनी पुन्हा हीच तपासणी करावी. ‘साहेबांनी हो म्हटले’ यावर विसंबू नये.

खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असावे. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेले ‘छोटे खाते’ असल्यास त्यात एका वेळी ५० हजार रुपयांपेक्षा अधिक शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा अधिक जमा होऊ शकत नाही, म्हणून पूर्ण केवायसी करून ते नियमित करून घ्यावे.

इशारा: अर्ज भरल्यापासून रक्कम जमा होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही बँकेत आधारवर आधारित नवे खाते उघडू नये.

## टप्पा ४: नोंदणी आणि प्रोफाइल

पोर्टलवर एका विद्यार्थ्याची एकच नोंदणी असावी. पासवर्ड विसरला म्हणून दुसऱ्या नावाने नवी नोंदणी करणे महागात पडते, कारण मागील वर्षीचा अर्ज जुन्या खात्यात राहतो आणि नूतनीकरणाचा मार्ग बंद होतो. युजरनेम आणि पासवर्ड परत मिळवण्याची सोय पोर्टलवर आहे, ती वापरावी. मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा पालकांचाच द्यावा, सायबर कॅफेवाल्याचा नव्हे. पुढील सर्व संदेश त्याच क्रमांकावर येणार असतात.

प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांविषयीची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह असे भाग आहेत. पहिले तीन सोपे आहेत. चुका होतात त्या उरलेल्या तिन्हींत.

चालू अभ्यासक्रमात महाविद्यालय, शाखा आणि वर्ष यादीतून निवडावे लागते. एकाच नावाच्या संस्थेची दोन महाविद्यालये, किंवा एकाच शाखेच्या पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या दोन नोंदी यादीत असू शकतात. जागावाटप पत्रावरील नाव पाहूनच निवड करावी. आपला अभ्यासक्रम यादीत दिसतच नसेल, तर जवळचा वाटणारा दुसरा निवडू नये. महाविद्यालयाने तो पोर्टलवर जोडलेला नसतो आणि ते काम महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाकडून करून घ्यावे लागते. प्रवेशाच्या प्रकारात ‘कॅप’ निवडून कॅपचा अर्ज क्रमांक तंतोतंत भरावा. येथे चुकून संस्थास्तरावरील प्रवेश निवडला गेला, तर पात्र विद्यार्थ्यालाही त्याची योजना यादीत दिसत नाही आणि तो आपण अपात्र आहोत असे समजून बसतो.

मागील शिक्षणात दहावीपासून सुरुवात करून एकही वर्ष न गाळता नोंद करावी. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्याने पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे निकालही भरायचे असतात. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांनी पदविकेची सर्व वर्षे दाखवावीत. खंड असेल तर तो लपवू नये. तारखांवरून तो दिसतोच.

वसतिगृहाचा भाग रिकामा सोडल्याने थेट पैशांचे नुकसान होते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, तर घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये शैक्षणिक भत्ता ठरवलेला आहे. म्हणजे एक रकाना न भरल्यास ६,५०० रुपयांचा फरक पडतो.

## टप्पा ५: योजना निवडून अर्ज सादर करणे

प्रोफाइल पूर्ण झाल्यावर पोर्टल पात्र योजनांची यादी दाखवते. टप्पा १ मध्ये ठरवलेली योजना तेथे असली पाहिजे. नसेल तर दुसरीच योजना घेऊन मोकळे होण्याऐवजी प्रोफाइलमध्ये परत जाऊन प्रवर्ग, उत्पन्न, अधिवास आणि प्रवेशाचा प्रकार हे चार रकाने पुन्हा पाहावेत. दोष बहुधा तेथेच सापडतो.

अर्ज सादर करण्याआधी संपूर्ण पूर्वदृश्य घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने वाचावे आणि विद्यार्थ्याने मूळ कागदांवर बोट ठेवून ताडून पाहावे. स्वतः टंकलेली चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. सादर केल्यावर अर्ज क्रमांक मिळतो. अर्जाची पीडीएफ जतन करावी आणि महाविद्यालय मागत असल्यास छापील प्रत कागदपत्रांसह देऊन पोच घ्यावी.

इशारा: मुदत वाढेल या भरवशावर राहू नये. शेवटच्या दिवसांत पोर्टल संथ होते. शिवाय महाविद्यालयाला छाननीसाठी वेगळी मुदत असते आणि उशिरा आलेल्या अर्जांतील त्रुटी दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

## टप्पा ६: अर्ज सादर झाल्यानंतर

अर्ज आधी महाविद्यालयातील लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि तेथून संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे जातो. प्रत्येक ठिकाणी तो मंजूर होऊ शकतो, नाकारला जाऊ शकतो किंवा त्रुटीसाठी परत येऊ शकतो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याच्याच लॉगिनमध्ये थांबतो, आणि तो दुरुस्त करून पुन्हा सादर करेपर्यंत पुढे सरकत नाही. एसएमएस येईलच असे नाही. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून ‘माझे अर्ज’ या भागातील स्थिती पाहण्याची सवय ठेवावी.

शेऱ्यात जी त्रुटी लिहिली असेल तेवढीच दुरुस्त करून घाईने अर्ज पाठवणे योग्य नाही. उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट आहे असा शेरा असेल, तर दाखला नव्याने जोडताना बाकीच्या फाइलीही उघडून पाहाव्यात, कारण दुसऱ्या फेरीत दुसरी त्रुटी निघाली की तितकाच काळ पुन्हा जातो. शेरा समजला नाही तर शिष्यवृत्ती विभागात अर्ज क्रमांक घेऊन जावे आणि नेमका कोणता कागद कसा हवा, हे विचारावे. अर्ज नाकारला गेला असेल तर त्याच दिवशी महाविद्यालयात जावे. मुदत शिल्लक असेपर्यंतच काही करता येते.

## टप्पा ७: रक्कम जमा होताना

निर्वाह भत्ता विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येतो. शुल्काची रक्कम मात्र योजनेनुसार वेगवेगळ्या मार्गाने दिली जाते. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. दोन्ही रकमा एकाच दिवशी येत नाहीत, त्यामुळे अर्धीच शिष्यवृत्ती मिळाली असे समजू नये. खात्यात आलेली शुल्काची रक्कम ही महाविद्यालयाची आहे. ती ताबडतोब भरून पावती घ्यावी. ती घरखर्चात गेली तर पुढे निकाल, गुणपत्रिका आणि दाखले मिळवताना विद्यार्थ्याचीच ओढाताण होते. लॉगिनमध्ये हप्त्यासमोर ‘रिडीम’ असा पर्याय दिसत असल्यास तो दाबल्याखेरीज हप्ता पुढे जात नाही.

रक्कम वर्ष उलटल्यावरही येऊ शकते, ही वस्तुस्थिती धरूनच कुटुंबाने नियोजन करावे. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर एक गोष्ट नीट पाहावी. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, परंतु इतर सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ घेणाऱ्याला ती मिळत नाही. दोन्हींपैकी कशात अधिक फायदा आहे, याचा हिशेब कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच करावा.

## टप्पा ८: पुढील वर्षाचे नूतनीकरण

शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमासाठी मिळाली, असे होत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि तो नव्या अर्जापेक्षा वेगळा असतो. दुसऱ्या वर्षात ‘नवीन अर्ज’ निवडणाऱ्यांचे अर्ज हमखास परत येतात. नूतनीकरणाआधी प्रोफाइलमधील वर्ष बदलावे, मागील वर्षाचा निकाल मागील शिक्षणात भरावा, शुल्काची नवी पावती जोडावी आणि आवश्यक असेल तेथे उत्पन्नाचा नवा दाखला लावावा. महाविद्यालय बदलले असल्यास जुन्या महाविद्यालयातील अर्जाची स्थिती आधी पाहावी. तेथे तो प्रलंबित असेल तर तो निकाली काढून घेतल्यानंतरच नव्या ठिकाणी अर्ज करावा. बँक सीडिंगची तपासणीही दरवर्षी, अर्ज भरण्याच्या आठवड्यातच पुन्हा करावी.